जनरलमधला मोठा जी

दादा आला तेव्हा त्याच्या एका हातात सुटकेस होती आणि काखेत पुठ्ठ्याचं खोकं. सुटकेस त्याने दारातच सोडली. खोकं मात्र आत आणून जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवलं आणि म्हणाला, "बारके, हे तुझ्या हवाली."

बारकी म्हणजे आता सत्तरीला टेकलेली बाई. घरातलं शेंडेफळ म्हणून ते नाव पडलं आणि चिकटलं ते चिकटलंच. बाहेर तिला या नावाने हाक मारायची कुणाची छाती नव्हती. एका इंग्रजी दैनिकात तिने उभी हयात उपसंपादक म्हणून काढली होती आणि तिथे माघारी तिला सगळे कात्रीबाई म्हणत. मजकूर कितीही मोठ्या माणसाचा असो, बाई फापटपसारा छाटून नेमकं तेवढंच हातात ठेवायच्या. दादा तिच्याहून बराच मोठा, सैन्यातून लेफ्टनंट जनरल होऊन निवृत्त झालेला. वहिनी जाऊन दुसरं वर्ष सुरू होतं. मुलगा परदेशात. रिकाम्या घरात एकट्याने बसून दादाने आपल्या आठवणी इंग्रजीत लिहून काढल्या होत्या आणि एका छोट्या प्रकाशकाने त्या छापायचं कबूलही केलं होतं. अट एवढीच की आधी कुणाकडून तरी भाषा तपासून आणा.

"घरचा वैद्य असताना बाहेर कशाला जायचं," दादाने फोनवर सांगितलं होतं. त्यावर बारकी म्हणाली होती, "ये. पण औषध कडू असेल."

पहिले काही दिवस मजेत गेले. बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर दादा झोपायचा आणि सकाळी चादरीची घडी अशी घालायचा की बारकीला त्या दिवाणावर बसायची चोरी व्हावी. फिरून आला की दोघांची अंडी तो स्वतः उकडायचा. मग टेबल पुसून ती लाल पेन्सिल घेऊन बसायची आणि तो समोर वर्तमानपत्र उघडून. वाचायचा काही नाही. कागदाच्या वरच्या कडेवरून तिची पेन्सिल कुठे थांबते तेवढं बघायचा.

पहिलं प्रकरण लहानपणाचं होतं. वडिलांच्या टायपिंग क्लासचं. पुढच्या खोलीत ओळीने मांडलेली यंत्रं, त्यांच्यावर सकाळपासून चाललेली टकटक, आणि आतल्या खोलीत त्याच आवाजात अभ्यास करणारी ही दोघं. शेवटची तुकडी गेली की घर एकदम बहिरं झाल्यासारखं वाटायचं. वडील जुन्या वळणाचे. मोठं अक्षर उमटवायला करंगळीने बाजूची कळ दाबून धरावी लागायची आणि त्यांच्या यंत्रांवर ती कळ भलती जड होती. नवी मुलं कुरकुरली की ते म्हणायचे, "जडच हवी. मोठं अक्षर फुकट मिळालं तर लोक वाटेल त्याला लावत सुटतील."

"हे छान लिहिलंयस," बारकी म्हणाली. "पण यंत्राला वंगण घालायचं काम तू करायचास असं लिहिलंयस. ते मी करायचे."

"तू डबी धरायचीस."

"डबी तू धरायचास. तुझे हात काळे होतात म्हणून तू पळायचास."

दादाने जरा विचार केला आणि म्हणाला, "बरं, आपण दोघं लिही."

आईचा किस्सा आला तेव्हा तर पेन्सिल बाजूला ठेवून दोघं हसत बसली. दादा मेजर जनरलचा लेफ्टनंट जनरल झाला ती बढतीची बातमी त्याने घरी कळवली, तेव्हाची गोष्ट. आई ऐकून गप्प झाली. शेजारपाजारी पेढे वाटायचं सोडून दोन दिवस कुणाशी धड बोलेना. शेवटी बारकीला बाजूला घेऊन दबक्या आवाजात म्हणाली, "अगं, लेफ्टनंट तर तो मिसरूड फुटलं तेव्हा होता. तिथून मेजर झाला, अजून वर चढला. आता या वयात पुन्हा लेफ्टनंट? काय गुन्हा केला पोराने?"

बारकीने तिला समजावलं होतं. नुसता मेजर नुसत्या लेफ्टनंटच्या वर हे खरं, पण जनरल मंडळींत उलटं. लेफ्टनंट म्हणजे मुळात वरिष्ठाच्या जागी उभा राहणारा. जनरलच्या जागी उभा राहणारा तो लेफ्टनंट जनरल. आणि मेजर जनरलच्या नावात जुन्या काळी पुढे सार्जंट होता, तो केव्हातरी गळून पडला, म्हणून तो खालचा. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढं समजावून सांगावं लागतं ती बढती कसली." पण मग पेढे वाटले.

"आईला शेवटपर्यंत पटलं नाही," दादा डोळे पुसत म्हणाला. "मला पत्रावर मेजर जनरलच लिहायची. म्हणायची, असू दे, मोठंच दिसतं."

बिनसलं ते पाचव्या प्रकरणानंतर. तोवर तपासलेली पानं बारकी उलटी घालून ठेवत होती. त्या दिवशी ती दूध घ्यायला खाली उतरली आणि दादाने तेवढ्यात गठ्ठा सुलटा केला. ती वर आली तेव्हा तो टेबलाशी उभाच होता. चष्मा कपाळावर, हातात पान.

"हे काय केलंयस?"

"काय केलंय?"

"सगळीकडे माझ्या जनरलचा जी छोटा केलास."

बारकीने दुधाची पिशवी ओट्यावर ठेवली. "अरे, नियम आहे तो. हुद्दा नावाच्या आधी लागला तर मोठं अक्षर. म्हणजे लेफ्टनंट जनरल अमुक अमुक, तिथे एल मोठा, जी मोठा, मध्ये आडवी रेघ नाही. तुझी ती रेघसुद्धा काढलीय मी. पण नाव नसेल, नुसतं 'जनरल आले, जनरल बसले' असेल, तर तो साधा शब्द. डॉक्टर आला, सुतार आला, तसा जनरल आला. छोटा जी."

"सुतार."

"उदाहरण म्हणून म्हटलं."

"एका अक्षरासाठी जन्म घातला, बारके. तुझी वहिनी बारा गावचं पाणी प्यायली माझ्यामागे. आणि तू लाल पेन्सिलीच्या एका फटक्यात सुतार करून मोकळी झालीस."

"सुताराला काय झालंय? आणि अक्षर तुझ्या मालकीचं नाहीये. माझ्या डेस्कवर राष्ट्राध्यक्षांचासुद्धा छोटा व्हायचा."

"हा तुझा डेस्क नाही."

"टेबल माझंच आहे," बारकी म्हणाली आणि लगेच तिला वाटलं की हे बोलायला नको होतं.

तिने सावरून घ्यायचा प्रयत्न केला. गठ्ठ्यातलं एक पान शोधून त्याच्यापुढे धरलं. "हे बघ. सरसकट नाही केलं मी. वहिनी इथे तुला म्हणते, 'जनरल, बूट बाहेर.' इथे मोठाच ठेवलाय. हाक मारताना हुद्दा नावाच्या जागी येतो, म्हणून. नियमच तसा आहे."

दादाने ते पान हातात घेतलं. वहिनी त्याला एरवी अहो म्हणायची, जनरल फक्त रागावली की. तो बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिला. मग पान जागेवर ठेवून, चपला घालून खाली उतरला.

त्या दिवसापासून घरात शिस्तीची शांतता. अंडी उकडली जात होती, "मीठ दे" आणि "पंखा लावू का" एवढं बोलणंही होत होतं. पण समोर वर्तमानपत्र घेऊन बसणं बंद झालं. तो दिवाणावर बसायचा, पाठ ताठ. बारकीनेही हट्ट सोडला नाही. पुढची पानं घेतली आणि दिसेल तो मोठा जी छोटा करत निघाली. मात्र पेन्सिलीला पूर्वीचा हुरूप नव्हता. तिला तिचे पहिले वृत्तसंपादक आठवत होते. सगळे त्यांना पूर्णविराम म्हणायचे, कारण ते बोलले की विषय संपायचा. ते तिला एकदा म्हणाले होते की हात सफाईने चालायला लागला की माणसाने घाबरावं, कारण मग तो वाचत नसतो, नुसता कापत असतो. ती तेव्हा नवी होती, तिला ते उगाच जड जड वाटलं होतं.

सातवं प्रकरण बर्फातल्या एका चौकीचं होतं. दादा तेव्हा तरुण कॅप्टन. चौकी उंचावर, वाट बर्फाने बंद, वर हातावर मोजण्याइतकी माणसं. त्यात एक जण पुन्हा पुन्हा यायचा. कुक असा, कुक तसा, कुकने रात्री गाणं म्हटलं, कुकने बटाट्यांवर बसून त्यांना गोठण्यापासून वाचवलं. आणि प्रत्येक ठिकाणी सी मोठा. बारकीला वाटलं, असेल कुणी त्या आडनावाचा. पण मग त्या आडनावाचा माणूस स्वयंपाकघरात एवढा काय करतो, हे काही लक्षात येईना.

अबोला मोडायला तिला हे निमित्त बरं वाटलं. "दादा, हा कुक म्हणजे आडनाव का रे?"

"नाही," दिवाणावरून उत्तर आलं. "स्वयंपाकी."

"मग सी मोठा कशाला?"

दादाने पाठ आणखी ताठ केली. तिने पुढची पानं चाळली. ड्रायव्हरचा डी मोठा होता. न्हाव्याचा बी मोठा होता. खेचरं हाकणाऱ्याचाही मोठा. जनरलच्या अक्षरामागे ती इतकी हात धुऊन लागली होती की बाकीच्यांकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं. मागची पानं काढून बघितली तर तिथेही तेच. पाचव्या प्रकरणातल्या धोब्याला तिने स्वतःच्या पेन्सिलीने छोटं केलं होतं आणि तिला त्याची आठवणही नव्हती.

ती उठून दिवाणापाशी गेली आणि घडीची पर्वा न करता चादरीवर बसली. "सांग."

दादा सांगायला लागला. आधी तुटक तुटक, मग सलग. त्या हिवाळ्यात मोठं वादळ आलं. मुख्य चौकीपासून थोड्या अंतरावर पहाऱ्याची एक छोटी जागा होती, तिथे दोन शिपाई अडकले. दोर धरून तिथपर्यंत जाता यायचं. कुणी जायचं यावर बोलणं चाललं होतं तोवर स्वयंपाक्याने गरम सूपचं भांडं पाठीला बांधलंसुद्धा. म्हणाला, साहेब, खायला घालायचं काम माझं. तो गेला, त्या दोघांना खायला घातलं. ते दोघं जगले. परत येताना बर्फाचा कडा सुटला.

"मग?"

"मग काय. मी अहवाल लिहिला. त्याचं नाव लिहिलं, काय केलं ते सगळं लिहिलं. वर गेला, तिथून आणखी वर गेला, आणि शेवटी छापून आला तेव्हा त्यात एकच ओळ उरली होती. मृत अधिकारी कुणी नाही, इतर दर्जाचा एक." दादा थांबला. "तसाच नमुना असतो, बारके. कुणाचा वाईट हेतू नव्हता. अधिकारी नावानिशी, बाकीचे इतर दर्जा. पण ते छोट्या अक्षरातलं मला सहन झालं नाही. तेव्हापासून मी जे काही लिहिलं, पत्र म्हण, चिठ्ठी म्हण, त्यात प्रत्येकाचं काम मोठ्या अक्षराने लिहिलं. आमचे टायपिस्ट वैतागायचे. आणि मी जनरल झालो तेव्हा माझाही मोठा आला, त्यांच्यासोबत आला. एकट्याचा नव्हता तो."

खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर वर करत होतं.

"आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे? तू थेट कापायलाच बसलीस." मग जरा नरमून म्हणाला, "आणि तू सुतार म्हणालीस त्याचा राग नव्हता मला. राग यायला हवा होता तो धोब्याचं अक्षर छोटं केलंस त्याचा, पण आला तो माझ्याच अक्षराचा. तेवढा मीही काही साधुसंत नाही."

बारकी हसली. "आपल्या भाषेत बरंय. सगळी अक्षरं एकाच रेघेला लटकलेली. शिपाई काय आणि सेनापती काय, उंची एकच."

"मग मराठीत लिहितो. आणखी दोन वर्षं धर."

दुसऱ्या दिवशी सकाळी बारकीने प्रकाशकाच्या कार्यालयात फोन लावला. तिकडे भाषा बघणारी एक तरुण मुलगी होती, चुणचुणीत. ती म्हणाली, "मॅडम, कुकचा सी मोठा ठेवला तर लोकांना आडनाव वाटेल."

"मलाही वाटलं होतं," बारकी म्हणाली. "म्हणून सुरुवातीला दोन ओळी घालू. या पुस्तकात प्रत्येकाचा हुद्दा आणि प्रत्येकाचं काम मोठ्या अक्षराने लिहिलं आहे, जनरलपासून स्वयंपाक्यापर्यंत. हे लेखकाने जाणूनबुजून केलं आहे."

"पण नियम..."

"नियम माझ्याच पिढीने तुमच्या गळ्यात बांधले आहेत, बेटा. मला पाठ आहेत. मोडायचा तर तो पानापानाला सारखाच मोडायचा, म्हणजे वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही. ते मी बघते."

मुलीने साहेबांना विचारून सांगते म्हटलं आणि संध्याकाळी होकार कळवला. दादा हे सगळं दिवाणावरून ऐकत होता. फोन ठेवल्यावर म्हणाला, "माझा छोटा राहिला तरी चालेल मला. बाकीच्यांचे मोठे कर."

"ते नाही चालणार. सगळ्यांचे किंवा कुणाचाच नाही. उगाच नम्रतेचा आव आणून माझं व्याकरण बिघडवू नकोस."

मग खोडलेलं परत मांडायचं काम आलं. लाल पेन्सिलीने छोटी केलेली अक्षरं बारकी हिरव्या पेन्सिलीने मोठी करत गेली आणि दादा समोर बसून पानं मोजून देत गेला. धोब्यापाशी आली तेव्हा तिने ते अक्षर जरा ठळकच काढलं. मुखपृष्ठावरच्या नावापाशी मात्र तिला हार खावी लागली. तिने सवयीने लिहिलं होतं लेफ्टनंट जनरल, मग कंसात निवृत्त, मग दादाचं नाव.

"चूक," दादा म्हणाला. त्याचा आवाज इतका खूश होता की ती दचकली. "आमच्यात निवृत्त हा शब्द नावाच्या नंतर लिहितात. माणूस निवृत्त होतो. हुद्दा होत नाही."

"आमच्या पेपरात कायम मध्येच जायचा."

"कायम चूक जायचा. मी वाचायचो ना."

"मग कळवलं का नाहीस?"

"कात्रीबाईला कोण कळवणार," दादा म्हणाला.

बारकीने मुकाट्याने तो शब्द उचलून नावाच्या मागे ठेवला. पूर्णविराम असते तर त्यांना कुठल्या तोंडाने सांगितलं असतं, असं तिच्या मनात आलं. मग वाटलं, ते हसलेच असते.

महिन्याभरात काम आटोपलं. खोकं पुन्हा बांधून प्रकाशकाकडे गेलं. टेबल एकदम मोठं दिसायला लागलं. दादाने सुटकेस दिवाणाखालून ओढून बाहेर काढली, पुसली, आणि मग तिच्याकडे बघत नुसता बसून राहिला. तिकडचं घर बंद होतं. वहिनीच्या खोलीच्या खिडक्या कुणीतरी उघडायला हव्या होत्या हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही तो विषय काढत नव्हती.

"सूची राहिलीय," बारकी म्हणाली.

"कसली सूची?"

"पुस्तकाच्या शेवटी नावांची सूची नको? कोण कुठल्या पानावर आहे ते. माणूस पुस्तक हातात घेतो तो आधी तिथे आपलं नाव शोधतो. त्या मुलीला म्हटलंय मी, आम्ही करून देतो."

"किती वेळ लागेल?"

"ते तुझ्यावर आहे. मला एकही माणूस माहीत नाही त्यातला."

दादाने सुटकेस पायाने परत आत सरकवली. छपाईची कच्ची पानं आली त्या दुपारी दोघं बसली. ती पानं त्याच्यापुढे आणि कोरे कागद तिच्यापुढे. त्याने नाव सांगायचं, तिने आडनाव आधी घालून लिहायचं. वर्णानुक्रमाने लावायला घेतलं तसं लक्षात आलं की सूचीत कुणी हुद्द्यानुसार उभं राहत नाही. बर्फातल्या त्या स्वयंपाक्याचं आडनाव इंग्रजी बी वरून होतं, तो अगदी वरच गेला. दादाचा जुना सेनापती, ज्याच्यापुढे दादाचीही बोबडी वळायची, तो पार तळाला, एका न्हाव्याच्या खाली.

"साहेबांनी कोर्ट मार्शल केलं असतं," दादा म्हणाला. तो न्हाव्याचं ते नाव पुन्हा पुन्हा वाचत होता. "न्हावी मात्र मोठा हुशार होता, बरं का. साहेबांच्या मिशा एकदा त्याने एका बाजूने..."

"पान?" बारकीने विचारलं.

"पुस्तकात नाही हे. लिहिता आलं नाही."

तिने पेन्सिल खाली ठेवली, खुर्चीत मागे टेकली आणि म्हणाली, "मग मिशांचं सांग आधी."